डाव्या कानातला सॅक्सोफोन

शाहूपुरीत सकाळपासून भुरभुर लागली होती. पियानोचा क्लास आटपून प्रियदर्शनी जिना उतरत होती, तेवढ्यात खालच्या गाळ्याचं शटर उघडं दिसलं, आणि ती थबकलीच. वर क्लास सुरू केल्यापासून हे शटर तिनं बंदच पाहिलं होतं.

आत एक तरुण फरशीवर मांडी ठोकून बसला होता. मांडीवर काळवंडलेला सॅक्सोफोन.

"म्हणजे रोज संध्याकाळी तुम्हीच वाजवता होय!" तिच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं मान वर केली. डोळे थोडे झोपाळू, थोडे खट्याळ. "काय वाजवतो?"

"सॅक्सोफोन. मी वर पियानोला बसले की तुम्ही खाली सुरू..."

"अवो, आजोबा गेल्यापास्नं मी आज पहिल्यांदा शटर उघडलंय. आणि ह्यो..." त्यानं वाद्य तिच्यासमोर धरलं, "ह्यो वाजायचा न्हाय. उंदरांनी सगळ्या गाद्या खाल्ल्यात. बघा की!"

भोकांवरच्या झाकणांत चामड्याची एकही गादी उरली नव्हती. त्यानं तोंडाला लावून फुंकर मारली. फुस्स! नुसता वारा.

प्रियदर्शनीच्या पाठीवर सरसरून काटा आला.

कारण एक गोष्ट तिनं त्याला सांगितली नव्हती... कुणालाच सांगितली नव्हती. लहानपणीच्या तापात तिचा डावा कान गेला होता, पार गेला होता. आईची हाक, रिक्षाचा हॉर्न, स्वतःचा पियानो, सगळं जग तिला उजवीकडूनच ऐकू यायचं. फक्त तो सॅक्सोफोन डाव्या कानात वाजायचा. अगदी खांद्यामागून, कुणीतरी वाकून तिच्यासमोरचं पान वाचत असावं तसा. कधी कधी तर तिचं बोट पट्टीवर पडायच्या आधीच तो सूर लागलेला असायचा. हे बोलली असती, तर आईनं आधी डॉक्टरकडं आणि मग थेट जैन बस्तीत, देवापुढं बसवलं असतं.

तरुणाचं नाव विजयसिंह. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो इंजिनिअर होता. गाळा त्याच्या आजोबांचा, हंबीररावांचा. त्यांचा लग्नातला बँड होता. गाळा रिकामा करायला म्हणून आलेला विजयसिंह त्या वाद्यापाशीच अडकला. कामावरून सुटला की यायचा आणि दुरुस्ती करत बसायचा. प्रियदर्शनी चहाचे दोन कप घेऊन खाली उतरू लागली... चौकशीला म्हणून.

"ह्याला सी मेलडी म्हणत्यात," तो एकदा सांगू लागला. "बाकीचे सॅक्सोफोन वेगळ्या पट्टीतले. पियानोचं पान त्यांच्यापुढं ठेवायचं तर सूर बदलून लिहायला लागत्यात. ह्याला तसलं काय न्हाय. शंभर वर्षांमागं अमेरिकेत लई खपला. एकानं घरात पियानोला बसायचं, दुसऱ्यानं मागं उभं राहून त्याच पानावरनं वाजवायचं. मग मंदी आली, लोकांची हौस सरली, आणि कारखान्यांनी करायचंच सोडलं."

"मागं उभं राहून?" तिनं हातातला कप खाली ठेवला.

"खांद्यावरनं वाकून. नवराबायको, न्हायतर..." तो कानापर्यंत लाल झाला. "न्हायतर होणारे."

"आणि बँडात?"

"बँडात ह्याची पट्टी कुणाशीच जुळली न्हाय. आणि बँडवाल्याकडं पियानो कुठला? जन्मभर एकटाच की ह्यो."

विजयसिंह वरच्या टोकाकडून एकेक गादी लाखेनं चिकटवत खाली येत होता. आणि एका संध्याकाळी पियानो वाजवताना प्रियदर्शनीला जाणवलं... डाव्या कानातला सगळ्यात उंच सूर आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याखालचा गेला. ओळखीच्या हसऱ्या चेहऱ्यातले दात पडत जावेत, तशी त्या सुरावटीत भगदाडं पडू लागली.

"आज कुठवर आलं?" तिनं खाली येऊन विचारलं.

"निम्म्या गाद्या बसल्या! झाला की पहिलं गाणं तुमच्यासंगं."

जी गादी बसत होती, तिचाच सूर तिच्या कानातून जात होता. थांब म्हणावं, तर सांगायचं काय? दुसऱ्या कुणावर जीव जडलाय? आणि तो दुसरा तर ह्याच्याच मांडीवर!

शेवटी डाव्या कानात एकच सूर उरला. सगळ्यात खालचा, खर्जातला. ती काहीही वाजवो, तो तेवढाच घुमायचा, लांबवर कुणीतरी हाका मारत असल्यासारखा. पियानो उघडा टाकून ती जिन्यावरून धावत सुटली.

विजयसिंहच्या चिमट्यात शेवटची गादी होती.

"थांब!"

पहिल्यांदाच ती त्याला एकेरीत बोलली होती. धापा टाकत तिनं सगळं सांगितलं. कान, सूर, त्यांचं एकेक करून जाणं. तो हसला नाही. चिमटा त्यानं हळूच खाली ठेवला.

"मग न्हाय बसवत. बसवलेल्या बी उपसून काढतो."

"इतकं राबलास, त्याचं काय?"

"तुझ्यासाठीच राबलो की! दिसत न्हाय व्हय तुला?"

बाहेर पन्हळीचं पाणी गळत होतं. वर पियानोला कुणीच नव्हतं, तरी तिच्या डाव्या कानात तो सूर अजून चालूच होता... थरथरत, दम कोंडल्यासारखा. तिचे डोळे त्या वाद्याच्या रुंद, काळ्या तोंडावर खिळले. आणि एकदम तिला कळलं. तो तिला रिझवत नव्हता. तो श्वास मागत होता.

"बसव," ती म्हणाली. "लई वाट बघितलीय ह्यानं. माझ्या एका कानात कोंडून कुठवर राहील?"

"बघ हां. मागनं मला बोल लावशील."

"बसव म्हणते की!"

त्यानं लाख तापवली, गादी दाबली. सूर वाळूत पाणी मुरावं तसा मुरत गेला. मग तीच जुनी, ठार शांतता. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.

वर पियानोला बसली तेव्हा तो तिच्या डाव्या खांद्यामागं उभा राहिला. आजोबांनी शिकवलेल्या क्लॅरिनेटच्या भरवशावर त्यानं फुंकलं. आवाज आला... घोगरा, कापरा, बदक ओरडल्यासारखा. उजव्याच कानात आला. डावीकडं काही म्हणजे काही नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"काय झालं? बेसूर हाय व्हय?"

"बेसूर तर आहेच," ती रडता रडता हसली. "पण तू उजवीकडं ये. मला तू नीट ऐकू यायला हवास."

तो उजवीकडं आला. वाकला. त्याचा ऊन श्वास तिच्या गालाला लागला. "आजच्यापुरतं?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाय," तिनं त्याच्याच बोलीत उत्तर दिलं. "कायमचं."

विजयसिंहनं छाती भरून श्वास घेतला, आणि पहिलाच सूर पुन्हा चुकवला.