हळू आवाजाची गाडी

"काढून द्या," तो म्हणाला.

मोनाली मनवरने मान वर केली नाही. सोल्डरिंगच्या धुराने तिचे डोळे चुरचुरत होते आणि मार्चमधलं ऊन टिनाच्या छतातून थेट मानेवर उतरत होतं.

"काय काढून देऊ? काळी फिल्म? ट्रॅफिकवाल्यानं धरलं काय?"

"नाही. डिक्कीतला वूफर."

आता मात्र तिने वर पाहिलं. दिग्रसच्या दारव्हा रोडवर तिच्या वडिलांनी 'देवराव साउंड' उघडलं तेव्हापासून वूफर बसवायला आलेली पोरं तिने ढिगाने पाहिली होती. काच थरथरली पाहिजे, नंबर प्लेट खुळखुळली पाहिजे, मागच्या गाडीवाल्याची छाती धडधडली पाहिजे... मागणी एकच. वूफर काढायला आलेला हा पहिलाच माणूस.

तिशीच्या आसपासचा असेल. उन्हाने रापलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आणि डोळे — डोळे तिच्या स्वतःच्या डोळ्यांसारखेच झोपेचे भुकेले.

"गाडी जुनी घेतली," तो म्हणाला. "पहिल्या मालकानं ठोकलेला हाय. माह्ये पेशंट म्हणतात, डोक्यात कोणी कांडून राह्यलं असं वाटते."

"पेशंट? डॉक्टर हाय का तुमी?"

"डॉक्टर असतो त गाडी माह्या ड्रायव्हरनं आणली असती."

तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून जरा अडखळतच आलं.

भारत राठोड त्याचं नाव. दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावर राहायचा आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसचे पेशंट यवतमाळला न्यायचा. पहाटे न्यायचं, ते मशीनवर असेपर्यंत दवाखान्याबाहेर थांबायचं, दुपारी परत आणायचं. "जाताना अंगात पाणी भरून असते, येताना पिळून काढल्यावाणी होतात," तो सांगत होता. "गाणं लावलं त तरास होते. नाही लावलं त रस्ताभर आपापल्या रिपोर्टचा विचार करत बसतात. मले असा आवाज पाह्यजे... म्हणजे, बाजूले बसून कोणी बोलते ना, तसा. हळू. पण शब्द कळला पाह्यजे."

हळू, पण शब्द कळला पाहिजे. मोनालीने हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. चांगल्या स्पीकरची याहून नेमकी व्याख्या तिला स्वतःलाही सुचली नसती.

"त मग वूफर काढून भागणार नाही," ती म्हणाली. "हे दारातले स्पीकर पाहा. एकच कागदी पडदा. जाड आवाजही त्यानंच काढाचा, बारीकही त्यानंच. म्हून शब्द कळासाठी आवाज वाढवा लागते. आता तसं नसते. बारीक आवाजाले वेगळा छोटा स्पीकर, रेशमी पडद्याचा. चुंबक नाण्याएवढं, पण ताकद जुन्या पावशेराच्या चुंबकाची. आन एक प्रोसेसर येते. जवळचा स्पीकर थोडा थांबते, दूरचा पोचेपर्यंत. मंग दोघाचा आवाज एकदम कानात."

"थांबते? यंत्र?"

"हाव. फक्त कोणत्या सीटसाठी थांबाचं, ते सांगा लागते. सगळे ड्रायव्हरची सीट सांगतात."

"मागची," तो लगेच म्हणाला.

"मग तुमाले समोर बरोबर नाही आयकू येणार."

"चालते. मले रस्ता पाहाचा असते."

तिने वहीत 'मागची सीट' असं लिहून घेतलं. त्या दिवशी दुकान बंद करताना तिला वाटलं, आज पाठ थोडी कमी दुखतेय.

तसं दुखायला कारण पुष्कळ होतं. तिच्या वडिलांनी, देवरावांनी, उभं आयुष्य भोंग्यांखाली काढलं होतं. जयंतीच्या मिरवणुका, लग्नं, प्रचाराच्या जीपा... आता त्यांना अर्धंच ऐकू यायचं. काम मोनालीवर आलं आणि नेमकं तेव्हाच काम आटलं. नव्या गाड्या कारखान्यातूनच चांगले स्पीकर घेऊन येत होत्या, सगळं डॅशबोर्डच्या स्क्रीनमागे बंद. हात लावला तर वॉरंटी जाते, म्हणून मालक गाडी दुकानापुढे उभीही करत नसत. ज्या सुधारणेचं ती गिऱ्हाइकांना कौतुक सांगायची, तीच तिचं दुकान खात होती. पुण्याच्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं. नव्या गाड्यांचा आवाज जुळवायचं काम. हो किंवा नाही कळवायला गुरुवार शेवटचा होता. तिला जावंसंही वाटत नव्हतं, राहावंसंही. खरं तर तिला नुसतं झोपावंसं वाटत होतं.

भारत मात्र नवे स्पीकर बसवून झाल्यावरही येत राहिला. एकदा म्हणे उजवीकडून खरखर येते. खरखर नव्हतीच. एकदा म्हणे 'स' नीट ऐकू येत नाही.

"कोणता 'स'?"

"सगळेच 'स'."

"स्पीकर बरोबर हाय. तुमचेच कान तपासा लागते."

"त तपासा ना," म्हणून तो काउंटरवर कोपर टेकून खरोखरच कान पुढे करून उभा राहिला. तिने तोंड फिरवून टेस्टर शोधायला सुरुवात केली. टेस्टर तिच्या हातातच होता.

देवराव कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणायचे, "तो वूफरवाला आला." त्यांना ऐकू कमी यायचं, दिसायचं मात्र स्वच्छ.

शेवटी भारतनेच सुचवलं, "उभ्या गाडीत काय समजते? धावत्या गाडीत बसून पाहा. गुरुवारी."

गुरुवार. ती 'नाही' म्हणणार होती... आणि "यवतमाळले दत्त चौकातून सामान आणाचंच हाय," असं म्हणून गेली.

जाताना गाडीत कोकिळाबाई होत्या, उकंडाजी होते. कोकिळाबाई दिग्रसच्याच, तोंडाने खमक्या. उकंडाजी भारतच्याच तांड्यावरचे. मोनाली मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये बसली, मोबाइलवर आवाजाचे आकडे कमीजास्त करत.

"पोरी, लग्न झालं का तुह्यं?" कोकिळाबाईंनी दारव्ह्याच्या आतच विचारलं.

"नाही, आजी."

"याचंबी नाही," समोरच्या सीटकडे बोट. "आमच्या मशीनची तारीख चुकत नाही, याच्या लग्नाची लागत नाही."

आरशात भारतचे डोळे दिसले. क्षणभर तिच्या डोळ्यांना भिडले आणि घाईने रस्त्यावर गेले.

परतताना ती पुढे बसली, कारण मागे पेशंटना आडवं व्हायला जागा हवी होती. रस्त्याकडेचे पळस पेटले होते. गाडीत एक जुनं बासरीवादन चालू होतं, इतकं हळू की मागून उकंडाजींचा श्वासही ऐकू येत होता. आणि मोनाली झोपली. डोकं काचेला टेकलं, तोंड अर्धवट उघडं... जाग आली तेव्हा काचेच्या आणि डोक्याच्या मध्ये त्याचा घडी केलेला दुपट्टा होता.

"किती वेळ झोपली मी?"

"दारव्हा गेलं मागं."

"उठवाचं ना."

"कायले? गाडी त तुमाले झोप लागावी म्हूनच बनवली तुमी."

ती दुपट्ट्याची घडी उलगडत, पुन्हा घालत राहिली. मग म्हणाली, "मले पुण्याले बोलावलं. नोकरीसाठी. आज संध्याकाळी सांगा लागते."

गाडी एका खड्ड्यातून गेली. तो खड्डा त्याला पाठ होता, तरी गेली.

"चांगलं हाय," तो म्हणाला. "जा मग."

इतकंच. इतक्या पटकन. मोनालीने बाहेर पाहिलं. जिनिंगला जाणाऱ्या ट्रकमधून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना लटकला होता. एवढ्या दिवसांत तिला आपण थकलो आहोत हे माहीत होतं. कशाची वाट बघून, हे आत्ता कळलं.

तेवढ्यात फोन वाजला. डॅशबोर्डच्या स्क्रीनवर नाव आलं: याडी, म्हणजे आई. भारतने हिरवं बटण दाबलं आणि धनीबाईंचा, त्याच्या आईचा, आवाज सगळ्या दारांमधून एकदम आला. बाजूला बसून कुणी बोलावं तसा. शब्द न् शब्द स्वच्छ.

त्या गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत होत्या. त्या इस्पीकरवाल्या छोरीला विचारलं की नाही अजून? रोज उठून दुकानात जातोस, तिथे काय स्पीकरशी लग्न लावतोस? तुझ्या बापाला मी सांगून ठेवलंय, त्यांची काही हरकत नाही. तुझ्याने होत नसेल तर मी येते रविवारी, घरी रेडिओ बसवायचा आहे म्हणून, आणि मीच विचारते...

भारतचे कान लाल झाले. त्याने झडप घालून आवाजाची कळ उलटी फिरवली. गाडी चिडीचूप.

"काय म्हणते आई?" मोनालीने विचारलं.

"ते... सांबार आण म्हणते. बाजारातून."

"एवढं लंबं बोलली. नुसत्या सांबारासाठी?"

"दोन जुड्या म्हणते."

कोथिंबिरीच्या त्या दोन जुड्या ऐकून मागच्या सीटवर उकंडाजींना ठसका लागला. डोळे मिटून पडलेल्या कोकिळाबाईंचं पोट हलत होतं.

शाळेत मोनालीच्या बाकावर वर्षा चव्हाण बसायची, तांड्यावरची. दुकानातली निम्मी गिऱ्हाइकं तांड्यांवरची. तिला गोरबोली बोलता येत नसे, पण कळत सगळी होती. तिने दुपट्टा मांडीवर नीट ठेवला.

"सांबाराले 'छोरी' कधीपासून म्हणतात गोरबोलीत?"

या वेळी भारतने गाडी सरळ बाजूला घेतली. पळसाखाली. स्टिअरिंगवरचे हात तसेच.

"तुले समजते?"

'तुमी'चं 'तू' झालं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं, दोघांनीही ते जाऊ दिलं.

"शब्द कळाले पाह्यजे म्हणत होता ना तू. कळले."

"मोनाली, मी..." तो थांबला. "मले इचाराचंच होतं. रोज येतो तेव्हा इचाराचंच असते. पण तू म्हटलं पुणं, मले वाटलं, मी तोंड उघडलं त तू अटकशील. माह्यं काय हाय? दिग्रस, यवतमाळ, दिग्रस. या लोकाईले सोडून मी कुठी जाऊ शकत नाही. तू जाऊ शकतं. मग कायले अडवू?"

"मी अडव म्हटलं का?" तिचा आवाज थोडा चढला आणि लगेच खाली आला. "इचार म्हटलं. दोन वेगळ्या गोष्टी हाय त्या. माह्यं जाणं मी ठरवीन. पण जाताना मागं कोणी हाय की नाही, एवढं त कळू देशील?"

तो वळला. या वेळी मध्ये आरसा नव्हता.

"हाय," तो म्हणाला. "वूफर काढला त्या दिवसापासून हाय. लग्न करशील माह्याशी?"

 तिला घाईने काही बोलायचं नव्हतं. घाईने बोलायची सगळी ताकद संपली होती, आणि ते बरंच होतं.

"करीन," ती म्हणाली. "पण पुण्याले जाईन. नव्या गाड्यांचं बंद काम उघडाले शिकीन. आन मग इथंच येईन, दुकानात. इथं ते कोणालेच येत नाही."

"ये ना. मी थांबतो."

"अरे बाप्पा, झालं का तुमचं?" कोकिळाबाई मागून म्हणाल्या. "इथं आमचं रक्त धुवून आलं, आन हे दोघं उन्हात बसून... बासरी तरी लाव."

मोनालीने हात पुढे करून कळ फिरवली. बासरी लागली नाही. कुणाचा तरी श्वास ऐकू आला, आणि भांडं खाली ठेवल्याचा आवाज. स्क्रीनवर 'याडी' हे नाव अजून होतं. भारतने फक्त आवाज बंद केला होता. फोन कापायचा राहूनच गेला होता.

"आयकलं मी सगळं," धनीबाई म्हणाल्या. या वेळी मराठीत, सावकाश, समोरच्या माणसाला कळावं म्हणून. "पोरी, तू खुशाल जाय पुण्याले. शिकून ये. याची काळजी करू नोको, याची गाडी यवतमाळच्या पुढं कधी गेली नाही, हा कुठी जाते? पण जाण्याच्या आधी एक डाव घरी येशील का... जेवाले?"

भारतने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. उकंडाजी आता उघडउघड हसत होते.

मोनालीने घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदाच ती इतकं जपून, हळू बोलली — शब्द नीट कळावा एवढंच बघत.

"रविवारी येते, याडी."