रेगेन्सबुर्गच्या ओळखी

इंग्लंडमधल्या मेडनहेडचे डॉक्टर उदय पेंडसे दर जूनमध्ये कॉन्फरन्ससाठी जर्मनीत रेगेन्सबुर्गला जात. बारा वर्षांत त्यांनी बायकोला, सुप्रभाला, एकदाही सोबत नेलं नाही. "एक दगडी पूल आणि एक मोठं चर्च. कंटाळशील," म्हणायचे. २००६ साली ते रिटायर झाले, तेव्हा तिनेच दोन तिकिटं काढली.

पहिल्या सकाळी त्यांनी डॅन्यूबवरचा तो जुना पूल पाहिला. दगड उन्हाने कोमट झाले होते. खाली पाणी भोवरे घेत होतं. चर्चच्या दारात मेणबत्त्या विकणारी म्हातारी सुप्रभाला बघून हसली. "यंदा उशीर केलात," ती इंग्रजीत म्हणाली.

"दुसरीच कोणी वाटली असेन मी तिला," सुप्रभा म्हणाली. उदय तिला घेऊन पुढे निघाले.

दुपारी कॅफेत न सांगताच तिच्यापुढे लिंबू पिळलेला कोरा चहा आला. घरी ती तसाच पिते.

"नेहमीचा," वेट्रेस म्हणाली.

सुप्रभाने कप बाजूला सारला. "कोण होती ती?"

"कोण?"

"जिला दरवर्षी घेऊन येत होतात. माझ्यासारखी दिसते वाटतं."

"दुसरी कोणीच नव्हती, सुप्रभा."

टाउन हॉलच्या मनोऱ्यात अभिप्रायाची जाडजूड वही होती. हट्टाने ती मागची पानं उलटत गेली. जून २००३. जर्मन, जपानी अक्षरांच्या गर्दीत एक ओळ मराठीत होती. 'फार सुंदर दिवस गेला.' खाली सही, सुप्रभा उदय पेंडसे. अक्षर तिचंच होतं. 'भ'चा तिरका दांडासुद्धा तिचाच.

त्या आठवड्यात ती पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर वॉर्डात एकटी पडून होती.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

उदय नदीकडच्या खिडकीपाशी गेले. "इथे तू खूप हसायचीस," ते म्हणाले.

ती तशीच हॉटेलवर गेली, बॅग भरली आणि म्युनिकची ट्रेन पकडली. त्यांनी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मेडनहेडला पोचली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. पोचल्याचं कळवायची चौतीस वर्षांची सवय. उदयचा मोबाइल बंद होता, म्हणून तिने हॉटेलला फोन लावला.

"डॉक्टर आणि मिसेस पेंडसे आत्ताच फिरून आले," रिसेप्शनवरचा माणूस म्हणाला. "मॅडम इथेच आहेत. देऊ?"

ती काही म्हणायच्या आत रिसीव्हर दुसऱ्या हातात गेला. मागे उदय मोठ्याने हसत होते. तसं हसताना तिने त्यांना शेवटचं कधी ऐकलं होतं?

"हॅलो, कोण बोलतंय?" मराठीत. किंचित दमलेला, आनंदी आवाज.



"सॉरी," ती म्हणाली. "राँग नंबर."

"असू दे गं," तो आवाज मायेने म्हणाला. "नीट पोचलीस ना घरी?"