रकाना सहावा : सोबत कोण?

रकाना १ : नाव

अरुंधती. कुहीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. मे १९७९. नागपूरच्या इतवारीत दातांच्या डॉक्टरकडे निघालेली ती चुकून त्याच्या खालच्या टायपिंग क्लासात शिरली. कूलरच्या झोतानं हातातला नोकरीचा कोरा अर्ज आणि कोर्सची तीन माहितीपत्रकं उडाली आणि थेट तिथं अर्ज टाइप करून देणाऱ्या पुंडलिकच्या टाइपरायटरवर उतरली. कूलरच्या ओल्या खसाचा वास… एक सुजलेला गाल… आणि एक हसू. त्याचं.

"हसून काहून राहिले?"

"मी तं फक्त कागद वाचून राहिलो, मॅडम. झांबिया? इतक्या दूर कोणाले शिकवता?"

"तिथल्या पोरांले इंग्रजी. नोकरीचा अर्ज आहे. पण आधी कोर्स निवडायचाय—"

"अर्ज मीच टाइप करतो. बसा."

रकाना २ : वय

(त्यानं मान वर न करता विचारलं. तिनं मान वर करून सांगितलं.)

रकाना ४ : शिक्षण, झालेलं किंवा चालू

चार दुपारी हा रकाना कोराच. दाताची कळ दुसऱ्या दिवशीच थांबली होती. कुहीहून येणारी बस मात्र तिला रोज सापडत होती.

लंडनचं टपालानं येणारं प्रमाणपत्र? हैदराबादचा नऊ महिन्यांचा डिप्लोमा? की बी.एड.?

"बी.एड. करा," पुंडलिक रोज म्हणायचा.

पाचव्या दुपारी त्याची बोटं थांबली.

"खोटं बोललो, मॅडम. असे वीसेक अर्ज टाइप केले मी. बोलावणं आलं ते हैदराबादवाल्यांलेच. तिथं वर्गात उभं करून शिकवून घेतात."

"मग बी.एड. काहून सांगितलं?"

कूलर. घर्र… घर्र…

"ते नागपुरातच होते. म्हणून."

अरुंधतीनं हैदराबादचं माहितीपत्रक त्याच्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "टाका. हैदराबाद."

त्या एका शब्दात त्यानं तीन चुका केल्या.

रकाना ३ आणि ५ : (घाईत राहून गेले)

रकाना ६ : सोबत येणारी व्यक्ती

"कोणी नाही… असं टाकू?"

"अजून ठरायचं आहे, असं टाका."

टक. टक. टक.

"आणि खालच्या कार्बन प्रतीवर, ती माझ्याजवळ राहील ना… तिच्यावर पेन्सिलीनं नाव लिहा."

"कोणाचं?"

"तुमचं. पूर्ण लिहा बरं. आडनाव मले अजून माहीतच नाही!"

तो पेन्सिल शोधू लागला. खणात, टेबलाखाली, वहीत…

ती त्याच्या कानावरच होती. अरुंधतीनं काढून दिली.