दोन दारांचं मशीन

त्रेपन्न सालचा पौष. वडिलांची वस्तऱ्या-कात्र्यांची धोकटी काखेत घेऊन कुंता मोहर्लीच्या तलावाच्या पाळीवरून निघाली होती, आणि मोहाच्या झाडाशी तिचे पाय अडले. फांदीला आरसा टांगून एक परका तरुण दाढी करत होता. हातात वस्तरा नव्हता. बोटभर दांडीचं काहीतरी सोनेरी होतं, आणि वाळक्या पानांतून पाखरू चालावं तशी त्याची हलकी करकर ऐकू येत होती.

"काय पाहून राह्यली?" तो आरशातूनच म्हणाला.

"डवरणी पाहून राह्यली. पीक तं काई दाट नाई दिसत."

तो हसला, आणि ओठावरचा फेस नाकाला लागला.

त्याचं नाव दसरू. मूल गावच्या म्हाल्याचा, म्हणजे न्हाव्याचा मुलगा, सागाच्या डेपोवर नुकताच मोजणीदार म्हणून आलेला. त्याने दांडी पिळली. वरची दोन इवली दारं उघडली; आत पातं होतं.

"अशी तीन हायेत माह्यापाशी. एक लढाईवरून आलेल्या शिपायाचं, एक चांदीच्या मुलाम्याचं. पण हे लाडकं. जंगलखात्याचा गोरा साहेब विलायतेले जाताना देऊन गेला."

"मालकापेक्षा मशीनच लाडाचं दिसते."

"मालकाचे लाड कराले कोणी नाई ना..."

कुंतेने मशीन त्याच्या हातून घेतलं. दारं मिटून तिने ते मनगटावरून अलगद फिरवलं. ओरखडासुद्धा नाही.

"हात हालला तरी कापत नाई?"

"हालला तरी. पात्याले आडोसा हाये."

तिने मशीन पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. तिचे वडील डोमा गावचे म्हाली. आश्विनातल्या तापापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता, हे घरात फक्त तिला माहीत होतं. गुणवंतराव पाटलांच्या गालावर रेघ उठली, ती 'माशी बसली' म्हणून निभली. पुन्हा निभली नसती.

त्या पौषात धोकटीची वाट रोज पाळीवरूनच जाऊ लागली. माघात दसरूने मागणी घातली.

"म्हाल्याचा पोरगा, अन् आपल्या हातानं दाढी डवरते?" डोमा कडाडले. "आमच्या घरची रीत हाये. सोयरीक होते तवा सासरा चारचौघांत जावयाची दाढी करते. माह्या वस्तऱ्याखाली मान देशील, तं पोरगी तुही."

दुसऱ्या दिवशी मोहाखाली कुंतेने दसरूला सगळं सांगितलं. सांगताना आपण बापाची लाज उघडी करतो आहोत, म्हणून ती रडली.

"तुमी येऊ नोका. तुमाले लागंल... अन् बाबाचं नाव जाईल."

"मी येईन," दसरू एवढंच म्हणाला.

सोयरिकीला अंगण भरलं. पाटील खाटेवर बसले. डोमांनी फेस लावला, वस्तरा उघडला, आणि पात्यावरचं ऊन दसरूच्या गळ्यावर लकलक हलू लागलं. दाराआड कुंतेने पदर दातांत धरला.

दसरूने हात जोडले. "मामा, एक अर्ज हाये. डेपोवाले म्हणतेत, हे मशीन कोण्या म्हाल्याच्या हाताले वळणार नाई. तुमी एकदा दाखवून द्या त्याईले."

डोमांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दाराकडे. त्यांना काय ते कळलं. डोळे भरून आले, पण आवाज चढाच होता.

"आण इकडं. असे छप्पन पाह्यले!"

हात थरथरला. गालावर रेघ नाही उठली. पाटलांनी उठून दसरूच्या गालावर बोटं फिरवली. "डोमा, मख्खन!"

डोमांनी मशीन धुऊन पुढे केलं. दसरूने त्यांची बोटं त्याच्यावरच मिटवली. "असू द्या तुमच्यापाशी. सनवारी पुन्हा येतो दाढीले."

निघताना कुंता पुटपुटली, "लाडकं होतं ना ते?"

"होतं..." तो म्हणाला, आणि तिच्याकडे पाहतच राहिला.

त्या मशीनवर डोमांनी आणखी नऊ वर्षं गाव सांभाळलं. डोमा वारल्यावर धोकटीतून ते निघालं, तेव्हा अंगठ्याच्या जागचा सोनेरी मुलामा झिजून गेला होता. दसरूने ते उचलून कुंतेच्या हातात ठेवलं आणि मान वर करून समोर बसला.

अजूनही दर शनिवारी तसाच बसतो. कुंतेचा हात आता वडिलांसारखाच हलतो. पण पात्याला आडोसा आहे.