दुसरा तुकडा

आर्णीला दोन दिवस निवांत राहून येते, असं निकितानं पुण्यातल्या ऑफिसात सांगितलं होतं. कॉलेजची तीन वर्षं तिथं विमलताईंकडे ती भाड्यानं राहिली. जगात कुठं तिला गाढ झोप लागली असेल, तर त्या खोलीत.

आता विमलताई नव्हत्या. यवतमाळच्या दवाखान्यात त्या गेल्या, त्याला महिना झाला. शेवटच्या आठवड्यात एका अनोळखी नंबरावरून निकिताला सारखे फोन येत होते. अनोळखी नंबर दिसला की तिच्या छातीत धस्स होई. तिनं एकही उचलला नाही. तो वॉर्डातल्या आयाबाईंचा मोबाइल होता, हे मागाहून विमलताईंच्या यजमानांनी, भगवानकाकांनी सांगितलं. ‘निकिता आली की तिच्यासंगंच घरी जातो,’ एवढंच विमलताई म्हणत राहिल्या होत्या.

माफी मागायची, पण कुणाची?

यवतमाळच्या स्टँडवर एसटी भर दुपारी सुटली. शेजारची सीट रिकामीच होती, तरी फिनेलचा वास येत होता. ओला, गार, वॉर्डातल्या फरशीसारखा.

“दोघी ना? दोन हाफ?” कंडक्टरनं विचारलं.

“एकच.”

त्यानं रिकाम्या सीटकडे पाहिलं. “आत्ता तं इथं…” म्हणाला, आणि एकच तिकीट देऊन घाईनं पुढं सरकला.

आर्णीत घराच्या दारात भगवानकाका उभे होते. “थांब बाई. उंबऱ्याबाहेरच थांब.”

परगावाहून आलेल्याला भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय विमलताई घरात घेत नसत. जितकी माणसं, तितके तुकडे.

“ते करे. आता मलेच करा लागते.” शेजारच्या मानीबाईंनी सकाळी दिलेल्या भाकरीचा त्यांनी तुकडा मोडला, तिच्यावरून ओवाळला, अंगणात फेकला. तिच्या पायांवर पाणी घातलं.

“काका, मी फोन उचलला नाही हो…” तिचा बांध फुटला.

“रडू नोको. भित्री हाय माही पोरगी, पन येईनच, असं म्हने ते. राग नोयता तिले.” त्यांनी डोळे पुसले. “चाल, चहा मांडतो.”

काका आत गेले. चप्पल काढताना निकितानं मागं पाहिलं.

अंगणात दोन तुकडे पडले होते.

एक सकाळचा, वाळलेला. दुसरा ज्वारीचाच, पण नुकता तव्यावरून उतरवल्यासारखा. त्यातून वाफ निघत होती.

स्टँडपासून पाठीशी असलेला तो फिनेलचा वास अंगणात आता नव्हता. उंबऱ्याच्या आतून येत होता.

आणि स्वयंपाकघरात काका कुणाला तरी अगदी हळू म्हणत होते,

“बस… लय थकली असशीन…”