गंधवाचक कपाट

"डोळं मिटून सांगतो, गहू कोणत्या रानाचा;
असा माझा गं राघू, तिखट नाकाचा."

जात्यावर बसलेल्या सासूबाईंचा तो आवाज कुमुदला आता, या गारेगार दुकानात, उगाचच आठवला. तेव्हा ती नवी नवरी होती, आणि ओवीतला राघू, म्हणजे दौलत पिंगळे, उंबऱ्यात बसून खरोखरच मुठीतला गहू हुंगत होता. पुढे त्याच नाकावर त्याने नाशिकच्या वाइनरीत नाव काढलं. कोणत्या टाकीतली वाइन कशात किती मिसळायची, हे तोच ठरवी. गावोगावच्या बागाईतदारांचा वर्षाचा माल त्याच्या एका शब्दावर तरे नाही तर बुडे.

आज दोघं घरासाठी वाइनचा फ्रिज घ्यायला आले होते. बाटल्या ठेवायची घराखालची खोली पूर्वी वैशाखातही माठासारखी गार राही. अलीकडची उन्हं तिच्याही पोटात शिरली होती.

"हा बघा, काकू," रेहाना म्हणाली. दुकानात फ्रिज दाखवणारी ही मुलगी दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागाईतदाराची; त्याची द्राक्षं दौलतच्याच वाइनरीत जात. "एकसारखा गारवा, हादरा नाही, काचेतून ऊन आत जात नाही. आवाज म्हणाल तर मांजराच्या पावलाएवढा."

"घरी आमच्या डोक्यावर पंखा खडखडतोय, आणि बाटल्यांचा हा थाट!" कुमुद म्हणाली. "अहो, हाच घेऊ. झालं."

"थांब गं. ते पलीकडचं दाखव, पोरी. बोलणारं."

पलीकडच्या कपाटात प्रत्येक बाटलीच्या तोंडाशी नखाएवढी पट्टी होती. बुचातून झिरपणारे गंधाचे कण ती टिपे, आणि आत काय पिकतंय, काय नासतंय, ते कपाट बोलून सांगे. त्याला नाव ठेवलं होतं गंधवाचक.

"आंबायला लागलेली ओळखतं?" दौलतने विचारलं.

"हो, काका."

"बुचाला बुरशी धरली असेल तर?"

"तेही."

"आणि ही पट्टी... सुटी निघते का? खिशात राहील अशी?"

रेहाना हसली. "तुम्हाला कशाला हवी? अब्बा म्हणतात, या यंत्रानंच पिंगळेकाकांकडे शिकवणी लावावी!"

दौलत हसला नाही. कुमुदने वळून त्याच्याकडे पाहिलं. खिशात राहील अशी. म्हणजे सोमवारसाठी.

गेल्या वर्षी त्याला ताप आला आणि गेला. त्यानंतर एका सकाळी शेगडीवर दूध करपत होतं, आणि दौलत शेजारीच बसून शांतपणे चहाची वाट पाहत होता. तिने उठून पातेलं उतरवलं. त्या दुधाचा विषय पुढे दोघांनीही काढला नाही. मग वाइनरीतले नमुने घरी येऊ लागले. पेला तिच्यापुढे करून तो सहज विचारल्यासारखं विचारी, "तुला काय वाटतं?" ती म्हणे, "पेरूसारखं काहीतरी." की तो डोळे मिटून त्या पेरूला शब्दांची झालर लावी. फोडणीची पारख असलेलं तिचं साधं नाक, त्यावर एवढ्या बागांचा भार. ती दमली होती. हाडांपर्यंत दमली होती. आणि सोमवारी नव्या हंगामाचं मिश्रण ठरायचं होतं, तेही टाक्यांपाशी, सगळ्यांसमोर. तिथे तिला कोण नेणार?

"गंमत करू या," रेहाना म्हणाली. चाचणीसाठी दौलत-कुमुदने घरची एक बाटली आणली होती. ती उघडून तिने पेल्यात ओतली. "आधी काका सांगतील, मग यंत्र. बघू कोण जिंकतं!"

पेला कुमुदपासून हातभर लांब होता, तरी वास आला. ओल्या गोणपाटाचा. बुचाला बुरशी धरली होती, वाइन वाया गेली होती.

दौलतने पेला फिरवला, नाकाशी नेला. मग सवयीने कुमुदकडे पाहिलं. भुवई जराशी उचललेली. एक शब्द पुरला असता. तो तिच्या ओठांवर आलाही होता.

रेहाना मान पुढे करून उभी होती, बापाच्या तोंडून ऐकलेला चमत्कार आता डोळ्यांनी बघायला मिळणार म्हणून. कुमुद स्टुलावर बसली. पिशवी तिने मांडीवर घेतली आणि ती गप्प राहिली.

दौलत वाट पाहत राहिला. पेल्यातली वाइन फिरून फिरून थांबली. त्याचे खांदे हळूच खाली आले, मळणीनंतर बैलाच्या मानेवरून जू उतरावं तसे.

"यंत्रालाच विचार, पोरी," तो म्हणाला. "आणि तुझ्या अब्बांना सांग, वाइनरीत कळवून सोमवारी टाक्यांपाशी दुसऱ्या कुणाला उभं करा. मला वास येत नाही. तापापासून काहीच येत नाही."

रेहानाचं हसू तोंडावरच राहिलं. दौलत कुमुदकडे वळला. आवाज अगदी खाली आला होता.

"मोगऱ्याचा नाही, मातीचा नाही. तुझाही नाही गं, कुमुद. तो आहे ना अजून तसाच?"