गोडी छाटणी

"ओ! थांबा! हात काढा आधी त्या झाडावरून!"

मी बांधावरूनच ओरडले. ऑक्टोबरातली सकाळ, तळं काठोकाठ भरलेलं, पानांवर दव... आणि माझ्या द्राक्षबागेत कोण कुठला माणूस कात्री घेऊन उभा! पहिल्या ओळीतली बारा झाडं त्यानं पार बोडकी केलेली. ज्या डोळ्यांतून घड निघतात, ते सगळे कापून खाली पाडलेले.

"मी अंगद," तो घाबरून म्हणाला. "कारभारीमामांचा भाचा. अंबडला शिकवतो. तुमच्या आबांनी मामाकडं छाटणीला माणूस मागितल्ता... सुट्टी होती, म्हणून मीच आलो."

"आन ही असली छाटणी कुणी शिकवली?"

"मामांनीच. एप्रिलात त्यांच्या बागेत अशीच केल्ती की..."

"एप्रिलात खरड छाटणी असते! ही गोडी छाटणी हाय. हिच्यात फळाचे डोळे राखायचे असतात!"

"मला वाटलं, छाटणी म्हंजी छाटणी—"

"वाटलं म्हणे!" संतापानं मला रडूच फुटलं. वाईनची द्राक्षं म्हटल्यावर अख्खं गाव मला हसलं होतं. दोन वर्षं जपलेली ही अर्धा एकर बाग. यंदा घड दिसले नाहीत तर उपटून मोसंबी लावणार, असं आबांनी बजावलं होतं. मी त्याला हाकलूनच दिलं.

दुसऱ्या दिवशी बेणं पुन्हा हजर!

"भांडायला न्हाई आलो, शिकायला आलो. कात्री तुमच्याजवळच ठेवा."

मी काड्या छाटायची, तो मागून डोळे फुटायची पेस्ट लावायचा. हळूच, एकेका डोळ्याला.

"डोळे लई जपावे लागतात, न्हाई?" तो एकदा म्हणाला. बघत होता मात्र माझ्याकडं.

"काडीकडं बघा!" मी खेकसले. कान तापले होते माझे. आणि तो नाही आला त्या दिवशी तर मला त्याचा दुप्पट राग आला, मेल्याचा.

विसाव्या दिवशी आबा आले. कोवळ्या फुटींवर इवले इवले घड दिसत होते. फक्त पहिल्या ओळीत नुसती पानं.

"ही बारा झाडं कुणी नासवली?" आबांचा आवाज चढला.

"मी," मी म्हणाले. कसं निघालं तोंडातून, देव जाणे!

"न्हाई काका, मी," मागून अंगद. "त्यांची चूक न्हाई. मला फरक ठाव नव्हता. बाग उपटू नका... पाया पडतो."

आबांनी त्याला पाहिलं, मला पाहिलं. मग सगळ्या ओळींमधून सावकाश फिरून आले. "बाकी बाग बराबर हाय," एवढंच बोलले. "मोसंबी ऱ्हाऊ दे." आणि गेले.

मी अंगदवर उसळले. "कुणी सांगितल्तं मधी बोलायला? बाग गेली असती म्हंजी?"

"आन तुम्ही का खोटं बोललात?"

"आबा तुझ्यावर ओरडले असते म्हणून! तुझ्यावर ओरडायचं तर मी ओरडन. दुसऱ्या कुणाचं काम न्हाई ते!"

तो हळूच—

"आत्ता... 'तू' म्हणलात मला."

"म्हणले! रोज म्हणणार. काय करायचं ते कर!"